कुमन राणी एलिझाबेथ : माहेर आणि वंशविस्तार

हंगेरीचा राजा स्टीफन पाचवा याची राणी एलिझाबेथ ही जन्माने कुमन होती. कुमन हे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात घोडे व गुरे घेऊन फिरणारे तुर्कीभाषक लोक. मंगोलांपुढे टिकाव लागेना, तेव्हा त्यांचा सरदार कोतेन याने १२३९ मध्ये हंगेरीच्या बेला चौथ्या राजाकडे आश्रय घेतला. परंतु हे लोक मंगोलांचे हस्तक असावेत, या संशयाने १२४१ मध्ये पेस्ट येथे कोतेनची हत्या झाली. संतप्त कुमन लूटमार करीत निघून गेले आणि त्याच वर्षी मोहीच्या लढाईत मंगोलांनी हंगेरीच्या सैन्याचा धुव्वा उडविला.

मंगोल परतल्यावर बेलाने कुमनांना पुन्हा बोलावून घेतले आणि सलोखा पक्का व्हावा म्हणून थोरला मुलगा स्टीफन याचा विवाह कुमन सरदाराच्या मुलीशी लावला. तीच एलिझाबेथ. तिचा पिता कोतेन असल्याचे सामान्यतः मानले जाते; काही अभ्यासक मात्र सेहान या सरदाराचे नाव घेतात.

स्टीफन १२७२ मध्ये वारला. दहा वर्षांचा मुलगा लाडिस्लाउस चौथा गादीवर आला आणि एलिझाबेथ राजमाता म्हणून कारभार पाहू लागली. पुढे लाडिस्लाउस आजोळच्या लोकांत इतका रमला, की 'कुमन' हेच त्याचे उपनाम झाले. त्यावरून चर्चशी त्याचा संघर्षही झाला. १० जुलै १२९० रोजी कुमन मारेकऱ्यांनीच त्याचा वध केला. त्याला औरस संतती नव्हती आणि धाकटा भाऊ अँड्र्यू १२७८ मध्येच वारला होता. एलिझाबेथच्या मुलांचा वंश तेथेच खुंटला.

वंश चालला तो मुलींकडून. कॅथरिन सर्बियाच्या ड्रागुतिनची राणी झाली. ॲनाचा विवाह बायझंटाईन सम्राट अँड्रोनिकस दुसरा याच्याशी झाला. १४५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या पाडावात मारला गेलेला शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाईन अकरावा हा तिचाच वंशज. मेरी नेपल्सच्या चार्ल्स दुसऱ्याची राणी होती. तिचा नातू चार्ल्स रॉबर्ट याने हंगेरीची गादी मिळविली, तर पणतू लुई याने १३७० पासून पोलंडवरही राज्य केले. मेरीची मुलगी मार्गारेट ही फ्रान्सचा पहिला व्हॅल्वा राजा फिलिप सहावा याची आई. तिचीच नात फिलिपा इंग्लंडच्या एडवर्ड तिसऱ्याची राणी झाल्याने पुढील इंग्लिश राजघराण्यातही हा वंश पोहोचला.

तह टिकावा म्हणून दिलेल्या मुलीचे रक्त असे युरोपातील प्रमुख राजघराण्यांत मिसळले.