बैलजोडी, वेचणी आणि ‘परम’ : तुलनेच्या निकषाविषयी

जुने आणि नवे यांची तुलना हा साहित्याच्या अभ्यासकाचा नित्याचा उद्योग आहे. अशी तुलना ‘कोणत्या निकषावर?’ हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला विचारायला शिकवतो. संगणकाच्या प्रोसेसरविषयी बोलताना मात्र आपल्यालाच त्याचा विसर पडतो. जाहिरातीतला एक आकडा आपण पाहतो, आणि मोठा आकडा म्हणजे श्रेष्ठ यंत्र असा निर्णय देऊन मोकळे होतो. या आकड्यामागचा इतिहास इतका सरळ नाही. शिवाय त्याचा एक धागा आपल्या वऱ्हाडातून जातो.

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली तेथे झाला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९६५ मध्ये पदवीधर झाले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापन झाले आणि देशी महासंगणक तीन वर्षांत उभारण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या काळात भारताला अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी/१४ हा महासंगणक मिळाला होता, पण तो केवळ हवामानाच्या अंदाजासाठी; त्याहून अधिक क्षमतेचे यंत्र मिळू शकले नाही. या अडचणीतून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

येथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि ती सांगावी अशीच आहे. पण अभिमानाच्या भरात मूळ प्रश्न मागे पडतो. ‘परम’ क्रेच्या तोडीचा होता काय? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण दोन्ही यंत्रांची जातकुळीच वेगळी होती. ‘एक्स-एमपी/१४’ या नावातला पहिला अंक प्रोसेसरांची संख्या सांगतो : एकच, पण अत्यंत बलवान. दशांश संख्यांची सुमारे २० कोटी गणिते एका सेकंदात करण्याची त्याची कमाल क्षमता होती. ‘परम’मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. त्यातला प्रत्येक प्रोसेसर क्रेपुढे अगदीच दुबळा. परंतु प्रत्येकाला चार दुवे होते आणि त्यांच्या आधारे शेकडो प्रोसेसर एकमेकांशी जोडता येत. २५६ ट्रान्सप्युटरांच्या रचनेची कमाल क्षमता सेकंदाला १०० कोटी गणिते अशी सांगितली जाई. प्रत्यक्ष कामात मात्र हाती पडत ती १० ते २० कोटी. सांगितलेली आणि साधलेली क्षमता यांतील ही तफावत ‘परम’पुरती नव्हती. ती सर्वच महासंगणकांत असते, क्रेमध्येही होती. मात्र असंख्य प्रोसेसरांच्या यंत्रात ती अधिक ठळकपणे दिसते.

सेमूर क्रे यांच्या नावावर एक प्रश्न सांगितला जातो. शेत नांगरायचे असेल तर दोन तगडे बैल घ्याल की १०२४ कोंबड्या? प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, आणि नांगरणीपुरते ते खरेही आहे. काळ्या जमिनीत नांगर ओढायला बैलजोडीच हवी. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न अपुरा वाटेल. त्याच शेतात पऱ्हाटी उभी राहते, बोंडे फुटतात, सीतादही होते आणि वेचणी लागते. तेव्हा बैल बांधावर उभे राहतात आणि बायांची रांग शेतात उतरते. एकेकीने एकेक ओळ धरली की दहा जणींचे काम वीस जणी निम्म्या वेळात उरकतात. हवामानाचे गणित बरेचसे वेचणीसारखे आहे. प्रदेशाचे चौकोन पाडून प्रत्येक प्रोसेसरला एकेक वाटून देता येतो. फक्त शेजारच्या चौकोनाची खबर मधूनमधून घ्यावी लागते.

वेचणीलाही मर्यादा आहेच. कापूस कितीही जणींनी वेचला तरी बंड्या जिनिंगच्या एकाच काट्यापुढे रांगेत थांबतात. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये नेमके हेच दाखवून दिले होते. कामाचा एक दशांश भाग वाटून देता येत नसेल, तर हजार प्रोसेसर लावूनही काम दहापटीहून अधिक वेगाने होणार नाही. ‘परम’च्या दोन आकड्यांतील तफावतीमागे प्रोसेसरांच्या परस्पर संवादात जाणाऱ्या वेळाबरोबरच हेही एक कारण आहे.

गंमत अशी की पुढे साऱ्या जगालाच बैलजोडीचा मार्ग सोडावा लागला. २००४ च्या अखेरीस पेन्टियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तेथेच अडला. वेग वाढवताना निर्माण होणारी उष्णता आवरेना. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओचा आकडा तीन गिगाहर्ट्झच्याही आत होता, तरी तो जुन्या पेन्टियमहून सरस ठरला. एका ठोक्यात अधिक काम करणारे दोन गाभे एकाच चकतीवर, ही त्याची युक्ती. आज हातातल्या मोबाइलमध्येही अनेक गाभे असतात आणि गणनेच्या निव्वळ वेगात तो ‘परम ८०००’ला सहज मागे टाकतो. म्हणून जुने यंत्र हास्यास्पद ठरत नाही. जी विचारपद्धती त्याने नाइलाजाने पत्करली, तीच आज सर्वमान्य झाली आहे.

आपल्या दृष्टीने आणखी एक निकष महत्त्वाचा आहे. सी-डॅकमध्येच ‘जिस्ट’ या नावाने भारतीय लिप्यांचे काम चालले. त्याचे मूळ कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी केलेल्या कामात होते. त्या काळच्या वैयक्तिक संगणकाला देवनागरीची जोडाक्षरे पेलत नसत, म्हणून त्यासाठी वेगळे जिस्ट कार्ड यंत्रात बसवावे लागे. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक संकेतन ठरले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच पूर्वरूपावर आधारलेली आहे. इस्कीत जतन केलेला मजकूर आज युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे आहे. याउलट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवणाऱ्या फॉन्टांत टंकलेला मजकूर, तो फॉन्ट हरवला की, रोमन चिन्हांचा अर्थहीन ढीग होऊन पडतो. प्रोसेसर हजारपटीने वेगवान केला तरी त्या ढिगातून एक ओवी बाहेर येत नाही. त्यासाठी कोणते चिन्ह कोणत्या अक्षराऐवजी आले, याची तालिका कुणीतरी बसून तयार करावी लागते.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून मराठीचे संशोधन करणाऱ्यांनी हे ध्यानात घेणे निकडीचे आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात संगणकावर टंकलेले प्रबंध, लोकगीतांची संकलने, बोलीचे शब्दसंग्रह अशा फॉन्टांत अडकलेले असतील, तर तालिका जाणणारी माणसे आहेत तोवरच ते सोडवता येतील. नवे यंत्र घेताना त्याचा वेग आपण जरूर विचारावा. पण आज लिहिलेले तीस वर्षांनी वाचता येईल काय, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा, आणि तो दुकानदाराला नव्हे, स्वतःला.