घोंगड्याची वाट



आम्ही शहरवासी रोज सकाळीं हातांत काठी घेऊन फिरावयास निघतों आणि दोन मैल चाललों म्हणजे धन्यता मानतों. चालणें हाच ज्यांचा संसार, त्या धनगरांची व त्यांच्या घोंगड्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

माणदेश, खटाव, फलटण हा मुलूख पर्जन्यछायेंतला. शेती बेभरंवशाची, परंतु काळी दख्खनी मेंढी तेथें सुखानें राहते. कोंकणांतील मुसळधार पाऊस व चिखल तिला मानवत नाहीं. म्हणून पावसाळा माळावर काढावयाचा आणि दिवाळीच्या सुमारास वाडा हलवून घाटाखालीं उतरावयाचें, हा पिढीजाद क्रम. घोड्यावर बिऱ्हाड, बरोबर कुत्रीं, मागें कळप. वाटेंतील शेतकरी पीक निघालेल्या रानांत रात्रीं मेंढ्या बसवून घेई आणि खताच्या मोबदल्यांत धान्य देई. हा व्यवहार अद्याप मोडलेला नाहीं. मात्र धान्याऐवजीं आतां बहुधा पैसे मिळतात.

या भटकंतीचा धागा थेट राजघराण्यापर्यंत पोंचतो. १६९३ सालीं जन्मलेले मल्हारराव होळकर बालपणीं खानदेशांत तळोदें येथें मामाच्या मेंढ्या राखीत, असें परंपरा सांगते. वाटा, घाट व पाणवठे यांची जी ओळख मेंढपाळास पोटासाठीं करून घ्यावी लागते, तीच पुढें स्वाराच्या कामीं येते. तेव्हां मला यांत नवल वाटत नाहीं. आमच्या पाठ्यपुस्तकांत तलवार येते, घोंगडें येत नाहीं, एवढेंच.

तें घोंगडें होतें कसें? लोंकर वर्षांतून दोनदां कातरतात. कोंकराची पहिली कातरण तें जावळ. त्याचें घोंगडें मऊ व मोलाचें. बायका चरख्यावर सूत काढीत. पुरुष कळपामागें चालतां चालतां टकळी फिरवीत. विणणें हें सणगराचें काम. त्याचा माग खड्ड्याचा. चिंचोक्यांची शिजविलेली खळ तो कुंच्यानें सुतास देतो. तिनें सूत ताठ व बळकट होतें. रंगाचा खर्च नाहीं, काळा-पांढरा जो काय तो मेंढीचाच. अशा घोंगड्याची खोळ करून धनगर पावसांत उभा राहतो. लोंकर पाणी चटकन् आंत घेत नाहीं. पण एकदां पुरी भिजली कीं जड होते आणि लवकर वाळत नाहीं. कचेरींत रखडणाऱ्या कामास आपण ‘भिजत घोंगडें’ म्हणतों, तें या अनुभवांतूनच आलें असावें.

गुंथर सोन्थायमर हे जर्मन पंडित या वाड्यांमागून हिंडले, धनगरांच्या ओव्या त्यांनीं टिपून घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. दैवतांस असा चरित्रकार लाभला. लोंकरीचें दैव तितकें चांगलें नाहीं. गिरणीचीं स्वस्त ब्लँकेटें आलीं, मेंढी मुख्यतः मांसासाठीं पोसली जाऊं लागली, आणि कित्येक ठिकाणीं कातरणीची मजुरी लोंकरीच्या किमतीहून अधिक पडते. मग लोंकर माळावरच टाकून देतात. देवाच्या पूजेस मात्र घोंगडेंच अंथरावें लागतें. तेथें ब्लँकेट चालत नाहीं, म्हणून सणगराच्या दारीं वर्षाकाठीं कांहीं गिऱ्हाइकें अजून येतात.