वडिलांचा जन्म कुठे झाला? सिलोनचा 1948 चा नागरिकत्व कायदा आणि चहामळ्यांतले तमिळ

श्रीलंकेतील वांशिक संघर्षाचा अभ्यास बहुतेक वेळा जुलै 1983 च्या दंगलींपासून सुरू होतो आणि मे 2009 मध्ये युद्ध संपते तिथे थांबतो. या पाठात आपण त्याआधीच्या एका तारखेकडे जाणार आहोत, ती म्हणजे 15 नोव्हेंबर 1948. त्या दिवशी सिलोनचा नागरिकत्व कायदा अमलात आला (देशाचे ‘श्रीलंका’ हे नाव 1972 चे). गोळी झाडली गेली नाही, कुणाचे घर जळले नाही, पण देशातील लाखो माणसे कोणत्याच देशाची राहिली नाहीत. गंमत पाहा, त्यानंतर पंचवीस दिवसांनी, 10 डिसेंबर 1948 रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे पंधरावे कलम सांगते की प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे.

ही माणसे कोण होती? एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी मध्य सिलोनच्या डोंगराळ मुलखात कॉफीचे मळे उभे केले. 1869 पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि मळेवाले चहाकडे वळले. कॉफीची तोडणी हंगामी असते. चहाची पाने वर्षभर खुडावी लागतात. त्यामुळे मद्रास इलाख्यातून पूर्वी हंगामापुरता येणारा मजूर आता कुटुंबासह तिथेच राहू लागला. त्याला आणणारा कंगाणी, म्हणजे मुकादम, त्याच्या डोक्यावर वाटखर्चाचे कर्ज चढवूनच आणत असे. मळ्यावर राहायला ‘लाइन’ मिळे, म्हणजे बराकीसारखी एका ओळीतल्या खोल्यांची चाळ. 1911 च्या जनगणनेत या लोकांची ‘भारतीय तमिळ’ अशी वेगळी नोंद होऊ लागली. जाफना आणि पूर्व किनाऱ्यावर शतकानुशतके राहणारे ते ‘सिलोन तमिळ’. 1946 च्या जनगणनेत भारतीय तमिळांची संख्या सुमारे 7 लाख 80 हजार होती, म्हणजे साधारण दर नऊ माणसांत एक.

1947 च्या निवडणुकीत त्यांच्या सिलोन इंडियन काँग्रेसला 7 जागा मिळाल्या. इतर काही मतदारसंघांत त्यांची मते डाव्या उमेदवारांच्या पारड्यात पडली. पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या पक्षाला यात दुहेरी धोका दिसला, एक वंशाचा आणि दुसरा वर्गाचा. कँडी भागातील सिंहली शेतकऱ्याची तक्रार मात्र निव्वळ बनावट म्हणता येत नाही. मळ्यांसाठी त्याच्या भोवतालची जमीन खरोखरच गेली होती. ती घेतली होती ब्रिटिश सरकारने, आणि राग निघाला तो त्या जमिनीवर राबणाऱ्या मजुरावर.

आता कायद्याचे शब्द पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. या कायद्यात कोणत्याही जमातीविरुद्ध एक अक्षरही नाही. त्याची मागणी अशी: कायदा लागू होण्यापूर्वी सिलोनमध्ये जन्मलेल्या माणसाचे वडील सिलोनमध्ये जन्मलेले असावेत, किंवा वडिलांकडचे आजोबा आणि पणजोबा दोघेही तिथे जन्मलेले असावेत. स्वतःचा जन्म तिथला असणे पुरेसे नाही. आईचा जन्म तर मोजलाच जात नाही. तुलनेसाठी भारतीय राज्यघटनेचे कलम 5 वाचा. भारतात अधिवास असेल, तर स्वतःचा जन्म, आई किंवा वडील यांपैकी एकाचा जन्म, अथवा पाच वर्षांचे वास्तव्य, यांतील एक गोष्ट पुरते.

शिवाय सिद्ध करायचे कशाने? मळ्यावरच्या मजुराच्या बापाचा जन्मदाखला कुठून येणार? असाच दाखला डोंगरातल्या सिंहली शेतकऱ्याकडेही क्वचितच असे, पण त्याच्याकडे तो कुणी मागितला नाही. भेदभाव कलमाच्या अक्षरांत नसतो, पुरावा कुणाकडे मागायचा हे ठरवण्यात असतो. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने उचलायची गोष्ट ही आहे.

‘दुसरा मार्ग ठेवला होता’ असे सरकारचे म्हणणे होते. तो मार्ग म्हणजे 1949 चा भारतीय व पाकिस्तानी रहिवाशांचा कायदा. 1 जानेवारी 1946 पूर्वी विवाहिताने सलग 7 वर्षे आणि अविवाहिताने 10 वर्षे सिलोनमध्ये राहिलेले असावे, उत्पन्नाची शाश्वती असावी, बायकामुलांचे वास्तव्यही दाखवावे, आणि हे सारे दोन वर्षांच्या मुदतीत, ऑगस्ट 1951 पर्यंत. सुमारे सव्वाआठ लाख लोकांसाठी अर्ज आले. ते निकाली निघायला दशकाहून अधिक काळ गेला आणि नागरिकत्व मिळाले साधारण 1 लाख 34 हजारांना. गावी लग्नाला किंवा आईच्या आजारपणाला जाऊन लांबलेला मुक्कामही ‘सलग’ या शब्दावर अडू शकत होता.

त्याच वर्षी निवडणूक कायदा बदलून मतदान फक्त नागरिकांपुरते ठेवले गेले. हे प्रकरण न्यायालयात गेले. कोणत्याही एका जमातीवर इतरांवर नसलेली बंधने लादणारा कायदा संसदेला करता येणार नाही, असे सिलोनच्या राज्यघटनेचे कलम 29 सांगत होते. कोडकन पिल्लै विरुद्ध मुदनायके या खटल्यात 1953 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की आपले नागरिक कोण हे ठरवणे हे कायदेमंडळाचे स्वाभाविक काम आहे आणि हे कायदे वैध आहेत. कायद्याच्या शब्दांत जमात नव्हती, म्हणून संरक्षक कलम कामाला आले नाही.

मतदार गेले, पण जागा तशाच राहिल्या. मतदारसंघांची आखणी एकूण लोकसंख्येवर होत होती, त्यामुळे मताधिकार गमावलेल्या तमिळांची डोकी मोजून डोंगरी भागाला जागा मिळत आणि त्या जागांवर सिंहली मतदार प्रतिनिधी निवडत. 1952 ते 1977 या काळात मळ्यांतील तमिळांचा स्वतःचा एकही प्रतिनिधी निवडून आला नाही. 1956 मध्ये ‘फक्त सिंहली’ भाषेचा कायदा आला, तेव्हा विरोधात जाऊ शकणारी मते आधीच कमी झालेली होती. एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी हा धोका ओळखला होता. जी. जी. पोन्नंबलम सेनानायकेंच्या मंत्रिमंडळात गेल्यावर ते त्यांच्यापासून वेगळे झाले आणि डिसेंबर 1949 मध्ये त्यांनी फेडरल पक्ष काढला. पण जाफन्यातील सगळ्यांनाच मळ्यांतला मजूर आपला वाटत होता, असे समजू नका. जात आणि वर्ग यांचे अंतर मोठे होते.

भारताची भूमिका काय? नेहरूंचे म्हणणे असे की ही माणसे सिलोनचीच आहेत, ती आपोआप भारतीय होत नाहीत. तत्त्वाला धरून हे बरोबरच होते. शास्त्रींच्या काळात मात्र तत्त्व मागे पडले आणि वाटणी सुरू झाली. 30 ऑक्टोबर 1964 च्या सिरिमा-शास्त्री करारात 9 लाख 75 हजार माणसे हिशेबात धरली गेली. भारताने 5 लाख 25 हजार घ्यायची, सिलोनने 3 लाख ठेवायची, मुदत 15 वर्षे. उरलेल्या दीड लाखांची 1974 मध्ये निम्मी-निम्मी वाटणी झाली. त्या माणसांचे मत कुणी विचारले नाही. पुढे अर्ज मागवले, तेव्हा तिथेच राहू इच्छिणारे लोक सिलोनच्या वाट्याच्या दुपटीहून अधिक निघाले. परत आणलेल्या काही कुटुंबांना तमिळनाडू सरकारने निलगिरीत चहाचे नवे मळे काढून काम दिले. आजोबाने सोडलेल्या देशात नातवाच्या हाती पुन्हा चहाचीच टोपली आली.

तिकडे 1977 च्या दंगलींनंतर मळे सोडून अनेक कुटुंबे वावुनिया आणि किलिनोच्चीकडे सरकली आणि पुढे थेट युद्धभूमीत सापडली. 1983 नंतर जहाजसेवा बंद पडली आणि परत पाठवणेही थांबले. 1986 आणि 1988 च्या कायद्यांनी बरेचसे राज्यहीन लोक नागरिक झाले. शेवटचा टप्पा 2003 चा. 30 ऑक्टोबर 1964 पासून देशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या राज्यहीन व्यक्तींना आणि त्यांच्या वंशजांना एका घोषणापत्रावर नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी मुलाला आईकडूनही नागरिकत्व मिळण्याची सोय झाली. कागदावर 55 वर्षांचा प्रश्न मिटला. लाइनींतल्या खोल्या मात्र अजूनही बहुतेकांच्या नावावर नाहीत.

आणि जे युद्धात जीव घेऊन समुद्र ओलांडून आले? तमिळनाडूतील निर्वासित छावण्यांत मळ्यांकडच्या मूळची हजारो माणसे आहेत. त्यांची मुले भारतात जन्मली. पण 1 जुलै 1987 नंतर भारतात नुसता जन्म पुरत नाही, आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. 2003 च्या दुरुस्तीने अट आणखी कडक केली: एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. 2019 च्या दुरुस्तीत अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान हे देश आहेत, श्रीलंका नाही. छावणीतल्या विशीतल्या मुलाला कचेरीत विचारला जाणारा प्रश्न आजही तोच आहे, जो 1948 मध्ये नुवारा एलियाच्या मळ्यावर विचारला गेला होता.