मतिमंद आणि मनोरुग्ण : कायद्याने आखलेल्या एका रेषेचा इतिहास

१/
अशी कल्पना करावी. हिंजवडीतील एका सदनिकेत राहणारा चाळीस वर्षांचा बौद्धिक दिव्यांग पुरुष आई वारल्यानंतर जेवण टाकतो, रात्रभर येरझारा घालतो, कोणी जवळ गेले की अंगावर धावून जातो. "तो तसाच आहे," म्हणून सारे गप्प बसतात. त्याला कोणाकडे न्यावे, हेच कोणाला ठाऊक नसते. या संभ्रमामागे शतकाहून मोठा इतिहास आहे.

२/
१९१२ च्या इंडियन लुनसी ॲक्टने 'लुनॅटिक' या एकाच शब्दात दोन माणसे कोंबली : 'इडियट', म्हणजे ज्याच्या बुद्धीची वाढच झाली नाही तो, आणि ज्याचे मन बिघडले तो. दोघांना एकच कायदा आणि पुष्कळदा एकच भिंत. पुणेकरांसाठी ती भिंत येरवड्याची. "येरवड्याला पाठवा" ही थट्टा इथे आजही ऐकू येते.

३/
या सरमिसळीविरुद्ध पालक आणि शिक्षक उभे राहिले. मुंबईत १९४४ मध्ये पुढे 'जय वकील' नावाने ओळखली गेलेली शाळा सुरू झाली. पुण्यात १९६४ मध्ये 'कामायनी' आली. त्यांचे म्हणणे साधे होते : हा आजार नव्हे, याला औषध नाही, याला शिक्षण हवे. ते बरोबरही होते.

४/
१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा भेद मान्य केला. 'मतिमंदत्व सोडून अन्य मानसिक विकारामुळे' ज्याला उपचारांची गरज आहे, तो मनोरुग्ण, अशी नवी व्याख्या आली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानेही मतिमंदत्व आणि मानसिक आजार हे दोन स्वतंत्र प्रवर्ग केले. सन्मानासाठी आखलेली ही रेषा पुढे कुंपणासारखी वापरली गेली. मतिमंद माणूस मनोरुग्णही असू शकतो, हे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना विसरले गेले.

५/
१९९४ हे वर्ष पुणे जिल्ह्याने विसरू नये. त्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते मासिक पाळीतील स्वच्छतेचे. स्त्री संघटनांनी देशभर आवाज उठवला आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. वाद झाला तो संमती कोणाची, यावर. आणि तो आवश्यकच होता. त्या स्त्रियांना काय वाटले असेल, भीती वाटली असेल का, त्यांच्याशी नंतर कोण बोलले, याची चर्चा फारशी झाली नाही.

६/
त्याच १९९४ मध्ये, हिंजवडी ज्या तालुक्यात आहे त्याच मुळशीच्या कोळवण खोऱ्यात 'साधना व्हिलेज' सुरू झाले : बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी शाळा नव्हे, तर घर. मोठ्या माणसांना मोठ्या माणसांसारखे जगू द्यावे, ही त्यामागची दृष्टी. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान त्यानंतर काही वर्षांनी गजबजले.

७/
दोष केवळ कायद्याचा नाही. संवादातून होणाऱ्या मानसोपचाराला रुग्णाची बुद्धी पुरेशी असावी लागते, हा समज फ्रॉइडइतकाच जुना आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना तीव्र भयाने ग्रासलेल्या एका व्यक्तीचे वर्णन दिले. ती व्यक्ती मतिमंद आहे असे सांगितले, की तेच भय तज्ज्ञांना आजार वाटण्याची शक्यता कमी होई. एका निदानाच्या सावलीत दुसरे झाकले जात होते. "तो तसाच आहे" हे वाक्य पदवीधरही उच्चारतात, इतकाच याचा अर्थ.

८/
उलट पुरावा भक्कम आहे. ग्लासगोमध्ये १,०२३ बौद्धिक दिव्यांग प्रौढांची पाहणी झाली (२००७). सुमारे ४० टक्के जणांमध्ये मानसिक विकार आढळला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये व्हॅलेरी सिनेसन यांनी अशा रुग्णांवर मनोविश्लेषणात्मक उपचार केले आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पद्धत मात्र बदलावी लागते : बैठक लहान, वाक्ये छोटी, चित्रे, छायाचित्रे, विश्वासातले माणूस शेजारी. आणि खरे बोलणे. आपल्याकडे "आई गावाला गेली" असे सांगून ज्याचे दुःख वर्षानुवर्षे लांबवले जाते, त्याला मृत्यू हा शब्द कळत नाही असे नसते. तो त्याला कोणी सांगितलेला नसतो.

९/
२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्याख्येतील जुना अपवाद कायम ठेवला. 'मानसिक आजार' या संज्ञेत मतिमंदत्व येत नाही. विम्यात शारीरिक आजारासारखीच वागणूक देण्याचा दंडक या कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे, तो मानसिक आजारासाठी. बौद्धिक दिव्यांगांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना निराळी, मर्यादा १ लाख रुपये. दोन खाती, दोन खिडक्या.

१०/
तरी नीट वाचले तर अपवाद अवस्थेपुरता आहे, माणसापुरता नाही. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला नैराश्य आले तर ते नैराश्य कायद्याच्या व्याख्येत पुरेपूर बसते. शासनाच्या किंवा शासकीय निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क कलम १८ देते, आणि तिथे 'प्रत्येक व्यक्तीला' असे शब्द आहेत. बाह्यरुग्ण विभागातून "हा आमचा रुग्ण नव्हे" असे सांगून कोणाला परत पाठवले, तर कुटुंबाने बोट ठेवायचे ते याच दोन शब्दांवर.