तुफान मेल कुठून सुटली?

अंबाजोगाईला रेल्वे नाही. गाडी पाहायची तर घाटनांदूर नाही तर परळी गाठा. तरीही पोरगं गल्लीतून सुसाट पळालं की आमची आजी म्हणायची, "आली बगा तुफान मेल!" रुळांवाचून ही मेल गावात शिरली कशी, या प्रश्नानं मला पछाडलंय.

'मेल'चं सोपं आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ती थैली, मग थैलीतली पत्रं, मग पत्रं नेणारी गाडी. भांडण 'तुफान'वर आहे. शब्द आपल्याकडे आला फारसी-अरबीतून. त्याच्यावर ग्रीक 'टायफॉन' हक्क सांगतो, चिनी 'ताय फंग'ही सांगतो. मी अरबी 'तवाफ'च्या, म्हणजे प्रदक्षिणेच्या बाजूचा: गरगर फिरतं ते तुफान. आता अरबीत तुफान म्हणजे आधी नूहचा जलप्रलय, तिथं माझी बाजू जरा लंगडते. लंगडू दे.

जोडशब्दाचं काय? कुणी म्हणेल, हावड्याहून दिल्लीकडे 'तुफान' नावाची गाडी धावायचीच की. पण ती एक्सप्रेस, आणि मराठवाड्याच्या वाटेलाही न गेलेली. कुणी 'जवाब' सिनेमातलं कानन देवीचं 'तुफान मेल'चं गाणं पुढे करेल, ते 1942चं. त्याच्या दहा वर्षं आधी, 1932 मध्ये, जे. बी. एच. वाडियांनी मुंबईत 'तूफान मेल' नावाचा मूकपट काढला होता. दोन वर्षांनी रणजित फिल्म कंपनीनं त्याच नावाचा बोलपट आणला. म्हणून माझं ठाम मत: ही मेल रुळांवरून नाही, पडद्यावरून आली.

या पडद्यावरच्या गाड्यांचं मूळ अमेरिकेत. 'द हॅझार्ड्स ऑफ हेलन' (1914–17), 119 भाग. रेल्वेतली तारवाली पोरगी धावत्या गाडीवर उड्या मारते. वाडियांच्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये (1936) तेच काम नटी नादियाकडे: रेल्वेत घातपात करणारा 'सिग्नल एक्स' आणि डब्यांच्या टपावर हाणामारी. नाव घेतलं 1928 पासून मुंबई-पेशावर धावणाऱ्या गाडीचं. गंमत म्हणजे 'हेलन'चे सुरुवातीचे दिग्दर्शक मॅकगोवन ऑस्ट्रेलियाचे, आणि नादियाही तिथल्याच पर्थची. निव्वळ योगायोग, पण मला सोडवत नाही.

निजामाच्या राज्यात आमचं गाव मोमिनाबाद होतं. तंबूतला सिनेमा जत्रेला यायचा तेवढाच. आजीला एकदा विचारलं, काय पाहिलंस? म्हणाली, "गोरी बाई व्हती. हातात हंटर."

म्हणजे सिनेमा 'हंटरवाली', 1935चा. त्यात मेल नाही. पण बाई तीच!