गुरुत्वाकर्षण आणि फाटकावरचे घड्याळ

श्रोतेहो, आम्ही पदार्थविज्ञानाचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. उरलेले शिक्षण पाळी संपल्यावर नगर वाचनालयात झाले. तेव्हा कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने आइन्स्टाइनवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. म्हणून कारण आधी सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावरचे हजेरीचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असे. त्या पाच मिनिटांपायी कामगारांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाई. तक्रार घेऊन आम्ही साहेबांपुढे उभे राहिलो, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, वेळ सापेक्ष असते, हे आइन्स्टाइननेच सांगून ठेवले आहे. तुमची वेळ तुमच्यापाशी, आमची आमच्यापाशी!" आमच्याजवळ उत्तर नव्हते. खाली मान घालून परतलो, आणि त्याच संध्याकाळी वाचनालयाची पायरी चढलो. आइन्स्टाइनने खरोखर काय सांगितले आणि ते कसे पडताळले गेले, याचा इतिहास तेव्हापासून जमेल तसा वाचीत आलो.

१९०७ साली आइन्स्टाइन कोणी प्राध्यापक नव्हता. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी पेटंट कचेरीत तो नोकरी करीत होता. वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते, हे त्याने १९०५ सालीच मांडले होते. पण त्या विचारात गुरुत्वाकर्षणाला जागा नव्हती. कचेरीतल्या खुर्चीवर बसला असता त्याच्या मनात एक साधी गोष्ट आली : उंचावरून मोकळा पडणारा माणूस पडता पडता स्वतःचे वजन अनुभवीत नाही. आयुष्यातला सर्वांत सुखद विचार, असे त्याने पुढे या कल्पनेचे वर्णन केले.

यातून काय निघते ते पाहू. चारी बाजूंनी बंद अशी लिफ्ट घ्या. ती पृथ्वीवर स्थिर उभी असली, तर पायांवर भार येतो. तीच दूर अवकाशात नेऊन सतत वाढत्या वेगाने वर ओढली, तरी तसाच भार येतो. आत उभ्या असलेल्या माणसाला दोहोंतला फरक ओळखता येणार नाही. आता वर ओढल्या जाणाऱ्या लिफ्टमध्ये एका भिंतीतून प्रकाशाचा किरण सोडा. तो समोरच्या भिंतीशी पोहोचेपर्यंत लिफ्ट थोडी वर सरकते, म्हणून आतल्या माणसाला किरण खाली वाकलेला दिसतो. आणि दोन्ही लिफ्टमध्ये फरक नसेल, तर गुरुत्वाकर्षणानेही प्रकाश वाकलाच पाहिजे.

काळाची गोष्टही हीच. लिफ्टच्या तळाशी उभा असलेला माणूस आपल्या घड्याळाने दर सेकंदाला दिव्याची एक उघडझाप करतो. प्रत्येक उजेड वर जाईपर्यंत छताचा वेग वाढलेला असतो. म्हणून वरच्याला दोन उजेडांमधले अंतर एका सेकंदाहून किंचित जास्त वाटते. तेव्हा उभ्या इमारतीतही असेच घडले पाहिजे. पण तिथे तर छत दूर पळत नाही, आणि वाटेत एकही उजेड गहाळ होत नाही. मग निष्कर्ष एकच उरतो : खालचे घड्याळच वरच्या घड्याळाच्या मानाने मंद चालते.

तर्क नीटनेटका आहे. पण तर्कावर मजुरी मिळत नाही, मोजमाप लागते. १९११ साली प्राग येथे असताना आइन्स्टाइनने हिशेब मांडला की, सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश ०.८३ विकलांनी वाकेल. हे पाहण्यास खग्रास ग्रहण हवे. ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणासाठी फ्रॉइंडलिख हा जर्मन ज्योतिर्विद क्रिमियात गेला; तोच महायुद्ध पेटले, रशियनांनी त्याला अटकेत ठेवले आणि उपकरणे जप्त केली. यातली गंमत अशी की, तो आकडाच निम्मा होता! त्यात काळाच्या मंद गतीचा परिणाम धरला होता. अवकाशाच्या वक्रतेचा तितकाच दुसरा हिस्सा सुटला होता. १९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने स्वतःच चूक दुरुस्त करून सुमारे १.७ विकला हा आकडा दिला.

युद्ध संपले, आणि २९ मे १९१९ च्या ग्रहणाला दोन इंग्रज तुकड्या निघाल्या. एक आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर, दुसरी ब्राझीलमधील सोब्राल गावी. प्रिन्सिपेवर एडिंग्टन होता. हा क्वेकर पंथाचा, युद्धाला विरोध करणारा माणूस. दोन राष्ट्रांच्या तोफा थंड होऊन वर्षही झाले नव्हते, आणि बर्लिनमधल्या शास्त्रज्ञाचा हिशेब इंग्रज तपासीत होते. प्रिन्सिपेहून १.६१ आणि सोब्रालहून १.९८ विकला असे आकडे आले. सोब्रालच्या एका दुर्बिणीचे फोटो बिघडले होते. त्यावरून पुढे वादही झाले. परंतु रेडिओ दुर्बिणींनी तेच मोजमाप नंतर कितीतरी बारकाईने केले, आणि आइन्स्टाइनचाच आकडा खरा ठरला.

घड्याळाची परीक्षा मात्र बरीच लांबली. १९६० साली हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात, लोखंडाच्या अणूंमधून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या साहाय्याने हा फरक मोजला. एकावर पंधरा शून्ये दिली तर जी संख्या होईल, तितक्या भागांतले अडीच भाग, एवढाच तो फरक! पुढे १९७७ साली अमेरिकेने एनटीएस-२ हा उपग्रह सोडला. घड्याळ वर गेल्यावर खरोखर पुढे धावेल का, याची काही जाणकारांना शंका होती. म्हणून घड्याळाची दुरुस्ती आधी बंदच ठेवली. सुमारे वीस दिवस ते तसेच चालू दिले. ते पुढे धावले, आणि हिशेबाशी एका टक्क्याच्या आत जुळले. मग दुरुस्ती सुरू केली.

आज आपल्या मोबाइलला वाट दाखवणारे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. उंचीमुळे त्यांची घड्याळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. निव्वळ ३८ पुढे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पण तेवढ्यात प्रकाश ३०० मीटर जातो. ही दुरुस्ती केली नाही, तर दररोज दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचत जाईल.

आता साहेबांचे उत्तर. घड्याळे निरनिराळी चालतात, हे खरे. पण त्यांना बांधणारा नियम सर्वांना एकच आहे, आणि म्हणूनच एकाचा हिशेब दुसऱ्याशी पैन् पै जुळवता येतो. ज्याच्या हाती घड्याळ त्याची वेळ, असे आइन्स्टाइनने कुठेही म्हटलेले नाही. ते फाटक जमिनीपासून तीन मीटर उंच असेल, असे धरू. एवढ्या उंचीमुळे घड्याळ पाच मिनिटे पुढे जाण्यास सुमारे २,९०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे सुमारे १,३८० कोटी वर्षे. कारखाना तर तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता.

हा हिशेब आम्हांला त्या दिवशी आला असता, तर मान खाली घालावी लागली नसती. म्हणून, श्रोतेहो, वाचनालयाची पायरी चढत राहावे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.