पुढची सभा आणि मागची आठवण

गावातल्या सेवा मंडळाच्या सभेची सूचना आपण पुष्कळदा वाचतो. शाळेच्या फळ्यावर, नाहीतर चावडीच्या भिंतीवर ती लावलेली असते. अमुक वारी, अमुक वेळी सभा, विषय अमुक, सर्वांनी अगत्याने यावे. तीन ओळींत काम उरकते. या तीन ओळींखाली चौथी एक ओळ असावी, असे मला सुचवायचे आहे. ती ओळ इतिहासाची.

कोणी म्हणेल, "अहो, सभेत रस्त्याचे, पाण्याचे बोलायचे, तिथे इतिहास कशाला?" शंका रास्त आहे. सनावळ्यांची पोपटपंची करायची असेल, तर ती नकोच. पण जो इतिहास पुढच्या कामाला हात देतो, त्याची गोष्ट वेगळी.

मंडळे कशी जन्मतात, तेच प्रथम पाहा. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना एकत्र बोलावले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी. आज याच्या कचेरीत, पुढच्या खेपेस त्याच्या, अशा फिरत्या बैठका होत. म्हणून नाव पडले 'रोटरी'. आरंभी हेतू होता तो आपसांत ओळखपाळख वाढवण्याचा. सेवेचा विचार मागाहून आला, आणि त्यांचे पहिले लोकोपयोगी काम कोणते? तर शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून १९०७ मध्ये केलेली खटपट! याच संस्थेने पुढे १९८५ पासून पोलिओविरुद्धची मोठी मोहीम हाती घेतली. सरकारे, आरोग्यसेवक आणि अशा संस्था यांच्या प्रयत्नांना फळ येऊन २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

त्याच १९०५ साली, १२ जूनला, पुण्यात नामदार गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण थोडकी माणसे नेमाने एकत्र बसली की केवढे काम उभे राहते, हे दोन्हींवरून दिसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या त्या वेळच्या पाच जिल्ह्यांतील १५० गावे त्यासाठी निवडली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. गावातली वीसेक माणसे रेडिओभोवती बसत, ऐकत, आणि रेडिओ बंद झाला की खरी चर्चा सुरू होई. शंका निघाल्या की त्या आकाशवाणीला लिहून कळवीत. ऐका, बोला, करा, असा तो क्रम होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा आढळले की नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा श्रोता मंडळ असलेल्या गावांत ज्ञानाची भर पुष्कळच अधिक पडली होती. रेडिओ तोच, कार्यक्रम तेच. फरक होता तो ऐकल्यावर एकत्र बसून बोलण्याचा. तेव्हा सभा म्हणजे वेळेचा अपव्यय, असे म्हणणाऱ्याला आपल्याच जिल्ह्यातला हा दाखला खुशाल सांगावा.

पण इतिहासाची ही चौथी ओळ सर्वांत जास्त कुठे लागते, ठाऊक आहे? नदीकाठच्या गावात. निफाड तालुक्यातले सायखेडा घ्या. गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव. पुलापलीकडे चांदोरी. खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, ज्याच्या पाणथळीला २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाल्याचे जाहीर झाले. वर नाशकाच्या माथ्यावर गंगापूर धरण, दारणेवर दारणा धरण. पावसाळ्यात वरून पाणी सुटले आणि आभाळही फाटले, की या गावांचा जीव टांगणीला लागतो. १९६९ चा महापूर जुनी माणसे अजून सांगतात. त्यानंतर २००८ साली, २०१६ च्या ऑगस्टात आणि २०१९ च्या ऑगस्टात गोदामाईने पुन्हा आपले रूप दाखविले. वाहून आलेल्या पाणवेली पुलाला अडकल्या, म्हणजे पाण्याला वाट मिळत नाही, हेही गावाने पाहिले आहे.

नाशिककरांनी पूर मोजायची एक सोपी युक्ती केली आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, यावरून ते पुराचा अंदाज बांधतात. नारोशंकराच्या घंटेला पाणी टेकले की महापूर समजायचा. पोर्तुगीज बनावटीची ही घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाशी जोडली जाते. इतिहासाची केवढी गमतीची गोष्ट, पण आज ती पुराची मोजपट्टी होऊन बसली आहे!

तर मग सायखेड्यासारख्या गावाने आपली मोजपट्टी का करू नये? मारुतीच्या कमरेला पाणी लागले ती वेळ कोणती, आणि आपल्या घाटाच्या कोणत्या पायरीवर ते किती वाजता पोहोचले, एवढेच टिपून ठेवायचे. चार-पाच पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की कोणत्या वेळी गुरे सोडायची, कोणत्या आळीने आधी सामान हलवायचे, हे गावाला आपल्याच वहीतून कळू लागेल. सरकारी इशारा तर ऐकायचाच. वही त्याच्या जोडीला.

इथे गुरुजींचे साहाय्य हवे. १९६९ चा पूर जाणत्या वयात पाहिलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे मुलांना पाठवा. पाणी कोणाच्या ओट्यापर्यंत आले होते, लोक कुठे राहिले, धान्य कसे वाचविले, हे मुलांनी लिहून आणावे. सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस खाली घालावा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे; आपल्या मनाने मेळ घालू नये.

पुढच्या सभांची यादीही मग आपोआप ठरते. जूनच्या सभेत पुराच्या नोंदी वाचाव्या आणि नावाडी, पोहणारे, ट्रॅक्टरवाले यांची नावे पक्की करावी. मार्चच्या सभेत पोलिओची गोष्ट सांगून लसीकरणाचे काय राहिले ते पाहावे. उन्हाळ्यात पाणी उतरले की चांदोरीच्या नदीपात्रातील जुनी देवळे उघडी पडतात. त्या वेळची सभा मुलांना घेऊन तिथेच भरवावी.

येत्या सभेची सूचना फळ्यावर लिहाल तेव्हा खाली थोडी जागा सोडा. वार, वेळ आणि विषय झाला, की गावाची एक जुनी तारीख तिथे लिहा, आणि सभेत पहिली पाच मिनिटे तिच्यासाठी ठेवा.